कानांनी ठेवलेली नावे

पावसाळ्यात आंबोलीला पक्षी बघायला जाणाऱ्याने दुर्बिणीपेक्षा कानांवर भिस्त ठेवावी. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात धुके. पाखरू दिसते क्वचित, ऐकू मात्र सारखे येते. या रानवाटेवरची कितीतरी मराठी नावे अशी ऐकूनच ठेवली गेली असावीत, असे माझे मत आहे.

धबधब्याचेच बघा. संस्कृतातला 'प्रपात' पडणे सांगतो. 'धबधबा' नुसता आवाज आहे. पाणी कातळावर आदळताना जे 'धबधब' ऐकू आले, त्याचेच नाम झाले. खळखळ, धडधड याच कुळातले. शिवथरघळीच्या वर्णनात समर्थांनी योजलेला 'धबाबा' हाही त्यांचाच सख्खा भाऊ.

हिरव्या पानांत बसलेला हिरवा कुटुर्गा शोधता शोधता मान दुखते, पण 'कुटुर्र, कुटुर्र' थांबत नाही. तेच त्याचे नाव. त्याच्या धाकट्या भाऊबंदाच्या 'टुक टुक'मध्ये कुणाला तरी तांब्याचे भांडे ठोकणारी हातोडी ऐकू आली आणि तो तांबट झाला. पुण्याच्या तांबट आळीतून गेलेल्याला हे नाव वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

माझा सर्वांत लाडका शब्द मात्र 'शीळकरी'. शीळकरी कस्तूर धबधब्याच्या काठी, ओल्या काळ्या दगडावर बसतो. अंग निळसर काळे. मान वळवली की खांद्यावरचा निळा पट्टा चमकतो, मधूनच शेपटी पंख्यासारखी पसरते. पहाटे तो शीळ घालू लागला की पाण्याच्या गर्जनेवरूनही ती स्पष्ट ऐकू येते. इंग्रजांना त्यात उनाड शाळकरी पोराची शीळ ऐकू आली. मराठीने त्याला 'करी' हा प्रत्यय लावला. वारी करतो तो वारकरी, टाळ धरतो तो टाळकरी, शेत कसतो तो शेतकरी. ज्याने एखादी गोष्ट आपलीशी करून नेमाने चालवली, त्यालाच हा प्रत्यय शोभतो. भर पावसात, धबधब्याजवळच्या कपारीत घरटे बांधून गाणाऱ्या या पक्ष्याला याहून योग्य नाव मला सुचत नाही.

डोळ्यांनी ठेवलेली नावेही आहेतच. भृंगराज या पाखराच्या नावातला 'भृंग' म्हणजे आपला भुंगा. तसाच काळा, तकतकीत. पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग तर रंगांवरूनच ओळखला जातो. त्याचे इंग्रजी नाव 'पिट्टा' तेलुगूतून गेले. तिथे त्याचा अर्थ केवळ पाखरू.

मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोशा'त आदिवासी बोलींतली नावेही नोंदवली, म्हणून ती छापील पानावर टिकली. घाटाघाटांतली अजून कितीतरी नावे फक्त गुराख्यांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. पुढच्या वेळी वाटेत कुणी भेटले, तर रस्ता विचारून झाल्यावर पाखराचे नावही विचारा. ते जसे उच्चारले तसे, गावाच्या नावासह लिहून ठेवा.