दिवा आणि दुरुस्ती

ग्रामीण प्रकाशयोजनेचा इतिहास लिहिताना आपण खांब, तारा आणि मंजूर रकमा मोजतो. बिघडलेला दिवा गावातच कोण दुरुस्त करील, हा प्रश्न त्यातून बहुधा निसटतो. बालाघाटसारख्या वनजिल्ह्यात शासकीय सेवेत असताना बैहरच्या पठारावर आम्हांस हा प्रश्न वारंवार भेटला. समारंभाने वाटलेले सौर कंदील बॅटरी निकामी होताच आढ्याला टांगले जात आणि घरात पुन्हा रॉकेलची चिमणी पेटे.

म्हणूनच आपल्याच राज्यातील एका अभियंत्याचे कार्य आम्हांस मोलाचे वाटते. डॉ. चेतनसिंह सोलंकी हे खरगोन जिल्ह्यातील, निमाडातल्या एका खेड्यात वाढलेले. बेल्जियममधील ल्युव्हेन येथे सौर घटांवर संशोधन करून २००४ मध्ये ते मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. २०१४ साली त्यांच्या पुढाकाराने तेथे ‘मिलियन सोल’ ही योजना सुरू झाली. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान व ओडिशा येथील सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांच्या हाती अभ्यासाचा सौर दिवा पडला. तो फुकट नव्हता. विद्यार्थी १२० रुपये देई, उरलेला भार अनुदान व देणग्या उचलीत. दिव्याचे सुटे भाग ग्रामीण केंद्रांवर नेऊन तेथल्याच माणसांना जोडणी, विक्री आणि दुरुस्ती शिकविण्यात आली. योजनेचे मर्म येथेच आहे.

हाच विचार राजस्थानच्या दक्षिण टोकाला, डुंगरपूर येथे पुढे गेला. दिवे जोडणाऱ्या आदिवासी स्त्रिया तेथे सौर पट्ट्या तयार करणाऱ्या ‘दुर्गा एनर्जी’ या कारखान्याच्या भागधारक झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये सोलंकींनी भोपाळहून ‘एनर्जी स्वराज’ यात्रा आरंभिली. गांधीजींच्या ग्रामस्वराज्याची त्यामागील प्रेरणा उघड आहे.

एप्रिल २०१८ मध्ये देशातील सर्व गावांत वीज पोचल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले. तेव्हा अभ्यासाच्या दिव्याची निकड ओसरली, असे कोणी म्हणेल. ते अंशतः खरेही आहे. परंतु आज शेतातील सौरपंप आणि छपरावरील पट्ट्या यांच्यापुढे तोच जुना प्रश्न उभा आहे. निविदेत पुरवठ्याची तारीख असते, तशी गावातील प्रशिक्षित कारागिराची आणि सुट्या भागांची तरतूदही असावयास हवी. ती नसेल, तर नव्या यंत्रांनाही आढ्याची वाट धरावी लागेल.