नालासोपारा कुठे गेलं?

‘एबीसीडी २’ आला १९ जून २०१५ ला. वरुण धवनचा सुरू त्यात लास व्हेगासच्या हिपहॉप स्पर्धेला जातो. हा सुरू म्हणजे मूळचा सुरेश मुकुंद. नर्तक, नृत्यदिग्दर्शक, आपल्या नालासोपाऱ्याचा. त्याने आणि व्हर्नन मोंटेरोने मिळून उभा केलेला ‘फिक्टिशस’ हा गटही इथलाच. पडद्यावर मात्र गटाचं नाव झालं ‘मुंबई स्टनर्स’, आणि पुढे ‘इंडियन स्टनर्स’. नालासोपारा वाटेत कुठेतरी उतरून गेलं.

वसई-विरारला नाचाचा इतिहास नाही असं नाही. वडील अरुणकुमार आहुजा यांचं चित्रपटात नुकसान झालं, कुटुंब विरारला आलं, आणि वसईच्या वर्तक कॉलेजातून बी.कॉम. झालेला गोविंदा १९८६ च्या ‘इल्जाम’मध्ये नाचताना दिसला. त्याला ‘विरार का छोकरा’ म्हणत, आणि तो ते मिरवायचा. पण तो एकटा होता. तेव्हा सिनेमाच्या दारातून एका वेळी एकच माणूस आत जायचा. बाकीचे हिरोच्या मागच्या रांगेत.

ती रांग पुढे आणली टीव्हीने. १९९६ मध्ये ‘बूगी वूगी’ सुरू झालं आणि गल्लीत नाचणाऱ्या पोरांना कॅमेऱ्यासमोर जायला जागा मिळाली. सुरेश-व्हर्ननचा गट २००९ मध्ये याच कार्यक्रमात होता. (वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली तीही २००९ मध्येच. शहर आणि गट बरोबरच मोठे झाले म्हणा.) २०११ मध्ये ‘इंडियाज गॉट टॅलेंट’चं तिसरं पर्व त्यांनी जिंकलं आणि २०१२ मध्ये ते खरोखर व्हेगासला गेले.

इकडे गटच का तयार झाले, एकेकटे तारे का नाही? माझं मत साधं आहे. हॉलचं भाडं वाटून घेता येतं. विरार लोकलमध्ये वाढलेल्या पोरांना दुसऱ्याच्या शरीराचा अंदाज असतो. आणि दहीहंडी आहेच. थर लावताना खालचा माणूस कोण, कोसळणाऱ्याला झेलायचं कसं, हे त्यांना कुणी वर्गात शिकवलेलं नसतं. मुकुंदच्या रचनांमध्ये हवेत फेकलेला माणूस बरोबर ठेक्यावर हातात येतो, तेव्हा मला हिपहॉपच्या आधी हंडी आठवते.

चित्रपटाने नाट्य उभं केलं ते नक्कल पकडली जाण्यावर, फिलिपिन्सच्या गटाची. मला ते थोडं सोयीचं वाटतं. गुरू परवडत नाही तेव्हा माणूस व्हिडिओ थांबवून थांबवून शिकतो. आम्ही कोड लिहिणारे तरी दुसरं काय करतो? बघण्यासारखं आहे ते त्यानंतरचं. मुकुंदने ‘किंग्ज युनायटेड’ बांधला. २०१५ मध्ये सॅन दिएगोच्या जागतिक हिपहॉप स्पर्धेत कांस्यपदक आलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या ‘वर्ल्ड ऑफ डान्स’मध्ये हा गट ‘द किंग्ज’ नावाने उतरला. परीक्षक जेनिफर लोपेझ, नी-यो आणि डेरेक हफ. मे महिन्यातल्या अंतिम फेरीत १०० पैकी १०० गुण आणि १० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळपास ७ कोटी रुपये. ऐकायला प्रचंड, पण वाटेकरी मोजले की आकडा जमिनीवर येतो. २०२० मध्ये मुकुंदला अमेरिकेतला वर्ल्ड कोरिओग्राफी पुरस्कार मिळाला. हे नाचणाऱ्याचं नव्हे, नाच बसवणाऱ्याचं बक्षीस. मागच्या रांगेसाठी रचना करणाऱ्याचं नाव पहिल्यांदा पुढे आलं.

अमेरिकेच्या पडद्यावर त्यांच्या गावाचं नाव होतं मुंबई. तिकडच्या प्रेक्षकाला नालासोपारा सांगून काय कळणार, हे मान्य. पण आपल्याकडच्या बातम्यांतही तेच? हेच गाव गुन्ह्याच्या बातमीत असलं की नालासोपारा पूर्व की पश्चिम, हेसुद्धा छापून येतं. अशोकाच्या शिलालेखांचं शूर्पारक म्हणून इतिहासाच्या पुस्तकात, नाहीतर थेट पोलीस डायरीत. मधल्या काळात इथली पोरं काय करत होती ते ‘मुंबई’च्या खात्यावर जमा.

खाडीपलीकडच्या भाईंदरच्या एका गटाने नावाचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. त्यांचा विकास नावाचा साथीदार सरावात पडून जबर जखमी झाला आणि काही दिवसांनी गेला. २०२० मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स’ जिंकणारा तो गट म्हणजे ‘व्ही. अनबीटेबल’. त्यातला ‘व्ही’ विकासचा आहे.