बांध नसलेलं गाव

आमच्या घरात ‘बांध’ हा शब्द हळू आवाजात उच्चारायची पद्धत होती. माझे आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, ते हातभर रुंदीच्या जमिनीपायी. दर पेरणीला बांध कोणीतरी कोरायचं. एक तास इकडे, एक तास तिकडे. सरकारी मोजणी झाली, खुणा रोवल्या गेल्या आणि पुढच्या नांगरटीत त्या गायबही झाल्या. गावाकडच्या बहुतेक घरांत अशी एक गोष्ट असतेच.

म्हणून इंग्लंडमधल्या लॅक्स्टनबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. नॉटिंगहॅमशायरमधल्या या गावात तीन मोठी शिवारं आहेत आणि त्यांतल्या शेतांना ना कुंपण आहे ना बांध. एका शेतकऱ्याची पट्टी संपते तिथे लगेच दुसऱ्याची सुरू होते. आमच्याकडे असं असतं तर दर मोसमाला डोकी फुटली असती. तिथे मात्र ही शेती मध्ययुगापासून चालू आहे. हे कसं जमलं, याचा शोध घेत मी बरेच दिवस त्या गावाच्या मागे लागलो.

लॅक्स्टन हा एक पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. आज त्याचा कारभार आपल्या ग्रामपंचायतीसारखी एक छोटी संस्था बघते. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने देशभरातल्या जमिनीची मोजदाद करवली, त्या दप्तरात या गावाचं नाव आहे. गावात जुनं चर्च आहे, उत्तरेला नॉर्मन किल्ल्याची मातीची टेकडी आहे. अशी गावं इंग्लंडात पुष्कळ सापडतील. लॅक्स्टनचं वेगळेपण त्याच्या शिवारात आहे.

मिल फील्ड, साउथ फील्ड आणि वेस्ट फील्ड ही ती तीन शिवारं. एका वर्षी एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक आणि तिसरं पड. पुढच्या वर्षी पाळी बदलते. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शिवारांत विखुरलेल्या असतात. त्यामुळे कोणत्या शिवारात यंदा काय पेरायचं, हे एकट्याच्या मर्जीवर नसतं. सगळं गाव एका चक्रात फिरतं.

जमीन अशी विखुरलेली का ठेवायची? उत्तर आपल्या वाटण्यांमध्येच आहे. तीन भावांची वाटणी होते तेव्हा प्रत्येकाला काळ्या रानातला तुकडा हवा असतो, विहिरीजवळचा हवा असतो आणि मुरमाडही तिघांच्या वाट्याला सारखंच यावं लागतं. लॅक्स्टनच्या पट्ट्यांमागे हाच हिशेब दिसतो. एका कोपऱ्यात पाणी साचलं तरी सगळं पीक जात नाही. विखुरलेली जमीन हा गरिबाचा पीकविमा होता. आपल्याकडे १९४७च्या तुकडेबंदीच्या कायद्याने याच विखुरलेपणाला रोग ठरवलं. औत फिरवायला तुकडे अडचणीचे होते, हे खरंच. पण तुकड्यांमागे एक शहाणपण होतं, हे मला लॅक्स्टनमुळे पहिल्यांदा समजलं.

आता मूळ प्रश्न. तिथे कोणी कोरत नाही का? कोरतात की! माणसं सगळीकडे सारखीच. फरक आहे तो पुढे काय होतं यात.

नोव्हेंबरच्या अखेरीस, गव्हाची पेरणी झाली की, गावातले पंच शिवारात उतरतात. याला ‘ज्युरी डे’ म्हणतात. हे पंच बाहेरून आलेले नसतात, गावचेच शेतकरी असतात. ज्या शिवारात नवा गहू पेरला आहे ते सगळं चिखल तुडवत पायी फिरायचं. कोणी शेजाऱ्याच्या पट्टीत शिरलंय का, कोणी पाणंदीत नांगर घातलाय का, कोणी चर साफ करायचे टाळलेत का, हे बघायचं. हद्द पुसट झाली असेल तिथे लाकडी खुंट ठोकायचा. मग गावातल्या ‘डव्हकोट इन’ या पबमध्ये जमायचं आणि कोणाला किती दंड करायचा ते ठरवायचं. आठवड्याभराने तिथेच ‘कोर्ट लीट’ भरतं. तिथे दंडावर शिक्कामोर्तब होतं आणि पुढच्या वर्षीचे पंच नेमले जातात.

दंड थोड्या पौंडांचाच असतो. पैशाने कोणी बुडत नाही. पण आपलं नाव सगळ्या गावासमोर वाचलं जातं आणि ते वाचणाऱ्यांच्याच शेजारी बसून नंतर बिअर प्यायची असते. शिवाय पुढे कधीतरी आपणही पंच होणार असतो. आज दुसऱ्याला दंड ठोकणाऱ्याची पट्टी उद्या दुसरा तपासणार असतो. मला वाटतं, सगळी किल्ली इथे आहे.

हे कोर्ट म्हणजे हौशी नाटकही नाही. १९७७ साली ब्रिटिश संसदेने अशा जुन्या गावकोर्टांचे न्यायाधिकार काढून घेतले, तेव्हा एकट्या लॅक्स्टनच्या कोर्ट लीटचे अधिकार कायद्याने राखून ठेवले.

या गावाचा १६३५ सालचा एक नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. मार्क पिअर्स नावाच्या भूमापकाने तो केला. त्याचं चित्र मी फोनवर बोटांनी मोठं करून बघत होतो. पट्टीन् पट्टी आखलेली आणि मध्येच नांगरणारी, कापणी करणारी इवलीशी माणसं. नकाशा कोणासाठी केला, हे वाचलं आणि थबकलो. तो होता सर विल्यम कोर्टन, लंडनचा धनाढ्य व्यापारी आणि तेव्हाचा लॅक्स्टनचा मालक. त्याच वर्षी पहिल्या चार्ल्स राजाने कोर्टनच्या मंडळीला, ईस्ट इंडिया कंपनीला डावलून, पूर्वेकडे व्यापार करायची परवानगी दिली. १६३६ मध्ये कोर्टन वारला, पण त्याच वर्षी ती जहाजं गोव्याला पोचली. पुढे त्या मंडळीने कारवारला आणि आपल्या कोकणातल्या राजापूरला व्यापारी ठाणी उघडली. म्हणजे लॅक्स्टनच्या पट्ट्यांचा हिशेब मागणारा माणूस आणि राजापुरात मिऱ्याच्या शोधात आलेली जहाजं एकाच धन्याची. परक्या गावाचा इतिहास उघडावा आणि त्यात आपल्याच किनाऱ्याचं नाव सापडावं, असं झालं.

बाकीच्या इंग्लंडात अशी शिवारं फार उरली नाहीत. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने ५,२००हून अधिक विधेयकं मंजूर करून सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणात घातली. इंग्लंडचा पाचवा हिस्सा. शेती सुधारली, उत्पन्न वाढलं. पण ज्यांची एखादी गाय सामायिक कुरणावर चरायची, त्यांचं कुरण गेलं. गायरानावरून आपल्याकडे चालणारे वाद बघता हे समजायला अवघड नाही.

लॅक्स्टन वाचलं ते कोणी ठरवून वाचवलं म्हणून नाही. तिथे दोन बड्या जमीनदारांच्या जमिनी एकमेकांत गुंतलेल्या होत्या आणि दोघांचं लवकर जुळलं नाही, हे एक कारण इतिहासकार देतात. कुंपणाची वेळ टळत गेली आणि पुढे हा दुर्मिळ ठेवा आहे, हे लोकांच्या लक्षात आलं. १९५२ साली अर्ल मॅनव्हर्सने ही जमीन सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकली. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२०मध्ये पुन्हा त्या जुन्या घराण्याच्या विश्वस्त संस्थेकडे आली.

म्हणून हा स्वर्ग समजायचं कारण नाही. इथले शेतकरी शतकानुशतकं बहुतांशी कुळंच राहिले. ट्रॅक्टर आल्यावर पट्ट्या रुंद कराव्या लागल्या, त्यांची संख्या घटली. जमीन कोणाला विकायची, हे पंचांनी कधी ठरवलं नाही. ते मालकानेच ठरवलं.

तरीही मी त्या खुंटाचा विचार करत राहतो. आमच्या बांधावर मोजणीची खूण रोवणारा अधिकारी तालुक्याहून आला आणि दुपारी निघून गेला. त्यानंतर मध्ये उरले दोन चुलतभाऊ, नाहीतर थेट दिवाणी कोर्ट. त्या दोहोंच्या मधलं काही नव्हतं. वर्षातून एकदा सगळ्या भावकीने मिळून सगळ्यांचीच रानं चालून बघावीत, आमचं आणि त्यांचंही, असं कोणाला सुचलं नाही.

आजोबा गेले तेव्हा ते चुलतभाऊ आले होते. अंगणात खाली मान घालून बसले होते. बांधाबद्दल कोणीच बोललं नाही. या दिवाळीला गावी जाईन तेव्हा त्यांच्या नातवाला म्हणणार आहे, चल, एकदा दोघं मिळून बांधावरून चालून येऊ.