दंतवैद्यकाचा कायदा आणि पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्टा : एक ऐतिहासिक आढावा

नव्या दंतवैद्यावरील कायदेशीर जबाबदारीचे स्वरूप कसकसे बदलत गेले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

दंतवैद्यक कायदा २९ मार्च १९४८ रोजी अमलात आला. त्याने नोंदपुस्तकाचे दोन भाग केले. मान्य पदवीधारक ‘अ’ भागात, तर पदवी नसूनही किमान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका केलेले ‘ब’ भागात नोंदले गेले. १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. ‘दंतवैद्य कोणास म्हणावे’, हा त्या काळचा मुख्य प्रश्न होता.

कर्मचारी राज्य विमा कायदाही १९४८ चाच. पुढे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (१९५४) उभी राहिली, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (१९६२) आले आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. या वाढीबरोबर विमाधारक कामगार हा येथील रुग्णवर्गाचा मोठा घटक बनला.

१९६८ मध्ये देवेंद्र सुरती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरचा खाजगी दवाखाना दुकाने कायद्याखालील ‘व्यापारी आस्थापना’ नव्हे, असे ठरविले. मात्र १३ नोव्हेंबर १९९५ रोजी शांता खटल्यात मोबदला घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्यातील ‘सेवा’ ठरले. २००७ मध्ये किशोरलाल खटल्यात कर्मचारी विमा रुग्णालयातील विमाधारकही ‘ग्राहक’ मानला गेला. औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने हा निर्णय विशेष महत्त्वाचा होय. फौजदारी कारवाईबाबत मात्र जेकब मॅथ्यू निकालाने (२००५) घोर निष्काळजीपणाची कसोटी लावून डॉक्टरांना काही संरक्षण दिले. समीरा कोहली निकालाने (२००८) रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीचे निकष स्पष्ट केले.

याच काळात चाकण परिसरात वाहन उद्योग विस्तारला व कंत्राटी कामगारांचा वर्ग वाढला. विम्याचा लाभ हाती न आलेला असा कामगार दाढ दुखू लागली की पदरच्या पैशाने खाजगी दवाखाना गाठतो. तेथे उपचार करणारा अनेकदा दुसऱ्याच्या दवाखान्यात टक्केवारीवर काम करणारा नवा पदवीधर असतो. दवाखाना मालकाचा असला तरी स्वतः केलेल्या उपचाराचे उत्तरदायित्व त्याला टाळता येत नाही. त्यामुळे राज्य परिषदेकडील नोंदणी, लेखी संमती, क्ष-किरण चित्रे व दैनंदिन नोंदी हाच त्याचा खरा आधार ठरतो.

२०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात १९४८ चा कायदा रद्द करण्याची तरतूद आहे. सारांश, ‘दंतवैद्य कोण’ या प्रश्नापासून ‘त्याने उपचार कसे केले’ या प्रश्नापर्यंत कायद्याचा प्रवास झाला आहे. या दुसऱ्या प्रश्नाची तयारी पदवीपूर्व अभ्यासक्रमातच होणे, हे नव्या दंतवैद्याच्या आणि कामगाराच्याही हिताचे आहे.