आज्ञावलीची बांधणी : ओनक्लाउड-नेक्स्टक्लाउडच्या इतिहासातील एक प्रकरण

ग्रंथाचा कर्ता आणि ग्रंथाचा लेखनिक या दोन भिन्न व्यक्ती असतात, आणि ग्रंथ वाचकाच्या हाती कोणत्या रूपात पडतो हे पुष्कळदा लेखनिकावरच अवलंबून असते, ही गोष्ट हस्तलिखितांच्या अभ्यासकास नवीन नाही. संगणकाच्या आज्ञावलीसही असाच एक लेखनिक असतो. कर्त्याने लिहिलेली आज्ञावली एखाद्या सर्व्हरवर सुलभपणे बसावी, चालावी, तिच्या जागी नवी आवृत्ती आणता यावी आणि नको असल्यास ती काढूनही टाकता यावी, अशा रीतीने तो तिची बांधणी करतो. या बांधलेल्या रूपास पॅकेज म्हणतात. कर्त्याचे नाव इतिहासात राहते. बांधणी करणाऱ्याचे सहसा राहत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कामाचे एकच प्रकरण विचारात घ्यावयाचे आहे.

जानेवारी 2010 मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे भरलेल्या केडीई-संमेलनात फ्रांक कार्लिचेक यांनी ओनक्लाउड या प्रकल्पाची घोषणा केली. आपले कागद, छायाचित्रे व पत्ते परक्या कंपनीच्या यंत्रांवर न ठेवता स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावेत, आणि तरीही ते कोठूनही हाताशी असावेत, हा त्याचा हेतू. आज्ञावली पीएचपी भाषेत लिहिलेली व मुक्त परवान्याची असल्यामुळे डेबियन आणि उबुंटू या लिनक्स-वितरणांच्या संग्रहांत तिचे पॅकेज यथाकाल दाखल झाले. येथूनच कलहास आरंभ झाला.

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी निघते. ती एकदा निघाली म्हणजे तिच्यातील पॅकेजे गोठविली जातात. पुढे बहुतेक केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या होतात. वितरणाची विश्वासार्हता या गोठण्यावरच उभी आहे. ओनक्लाउडच्या कर्त्यांचे कालमान मात्र निराळे होते. वर्षाकाठी एकाहून अधिक मोठ्या आवृत्त्या निघत आणि जुन्यांची देखभाल लवकरच थांबे. परिणामी वितरणात गोठलेली प्रत कर्त्यांच्या दृष्टीने सदोष व धोक्याची ठरली. ऑक्टोबर 2014 मध्ये ओनक्लाउडच्या वतीने उबुंटूला विनंती करण्यात आली, की आमचे पॅकेज आपल्या संग्रहातून काढून टाकावे. एकदा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीतून पॅकेज सहसा मागे घेतले जात नाही, ही वितरणाची अडचण. कर्त्यानेच आपल्या ग्रंथाची प्रत ग्रंथालयातून उचलावयास सांगावी, असा हा विलक्षण प्रसंग होता.

परंतु खरी अडचण याहून खोल होती, आणि तीच या इतिहासात महत्त्वाची आहे. गणकयंत्राची किंवा संपादकाची आज्ञावली बदलली तर जुनी काढून नवी बसविली की काम भागते. ओनक्लाउड मात्र लोकांचा संचय सांभाळते. प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर तिच्या विदागारातील कोष्टकांची रचना बदलते, आणि हे रूपांतर लगतच्या मागील आवृत्तीवरूनच करता येते; मधली पायरी गाळून उडी घेण्यास कर्त्यांची मान्यता नव्हती. एप्रिल 2015 मध्ये निघालेल्या डेबियन 8 मध्ये ओनक्लाउडची सातवी आवृत्ती होती. तेथून नवव्या आवृत्तीपर्यंत जाण्यास 8.0, 8.1 व 8.2 अशा सर्व पायऱ्या चढाव्या लागत. डेबियनचा वापरकर्ता तर एका स्थिर आवृत्तीतून थेट दुसरीत जातो. मधल्या पायऱ्या त्याच्या वाटेवर येतच नाहीत. अखेर 2016 मध्ये डेबियनने सर्व्हरचे पॅकेज सोडून दिले, आणि जून 2017 मध्ये निघालेल्या डेबियन 9 मध्ये ते नव्हते. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. जे वचन पाळता येणार नाही ते न देणे हाही बांधणीच्या कामाचाच भाग होय.

त्याच सुमारास मूळ प्रकल्पही दुभंगला. कार्लिचेक एप्रिल 2016 मध्ये ओनक्लाउड कंपनीतून बाहेर पडले आणि 2 जून रोजी नेक्स्टक्लाउडची घोषणा झाली.

वितरणांनी सोडलेली जागा ज्यांनी भरली त्यांपैकी यूनोहोस्ट हा प्रकल्प येथे घ्यावयाचा. हा डेबियनच्याच पायावर 2012 पासून उभा राहिला. त्याचे नाव मुद्दाम मोडक्या केलेल्या इंग्रजीतील 'तू स्वतः का नाही सांभाळत?' अशा थट्टेच्या प्रश्नावरून घेतले आहे; भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ते विशेष रुचावे. यूनोहोस्टच्या पॅकेजात आज्ञावलीची गोठलेली प्रत नसते. त्यात एक परिचयपत्र आणि आज्ञांच्या काही संहिता असतात : बसविणे, काढणे, नवी आवृत्ती आणणे, राखीव प्रत घेणे व ती परत आणणे. मूळ आज्ञावली कर्त्यांकडून उतरवून घेतली जाते आणि ती निर्भेळ आहे किंवा नाही हे तिच्या ठशावरून पडताळले जाते. नंतर विदागार उघडणे, वेब-सर्व्हरला वाट दाखविणे आणि यंत्रावरील लोकांची नावे नेक्स्टक्लाउडला ओळखता येतील अशी व्यवस्था करणे ही कामे होतात. नवी आवृत्ती आणण्याच्या संहितेत पायऱ्या ओळीने मांडलेल्या आहेत. मागे राहिलेले यंत्र ती एकेक मोठ्या आवृत्तीतून वर चढविते. डेबियनला जे साधले नाही ते येथे साधले, याचे कारण एवढेच. ओनक्लाउडवरून नेक्स्टक्लाउडवर येण्याची वाटही याच पॅकेजाने उपलब्ध करून दिली होती. दोन्ही शाखांचे मूळ एक असल्यामुळे ते शक्य झाले.

याचे मोल बांधणी करणारे स्वयंसेवक भरतात. दोन कालमानांतील तेढ नाहीशी झाली नाही, तिचा भार केवळ त्यांच्याकडे आला. डेबियन 9 मध्ये पीएचपीची 7.0 ही आवृत्ती होती. एप्रिल 2019 मध्ये निघालेल्या नेक्स्टक्लाउड 16 ला ती चालेना. तेव्हा डेबियनमध्ये पीएचपीची बांधणी करणारे ओंद्रेय सुरी यांच्या स्वतंत्र संग्रहातून नवी पीएचपी घ्यावी लागली. म्हणजे स्थिर पायावर अस्थिर मजला चढविणे आलेच. 2023 मध्ये पॅकेजाच्या रचनेचीच दुसरी पद्धती रूढ होऊ लागली, आणि जुन्या संहिता पुन्हा लिहाव्या लागल्या.

एका मर्यादेचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. नवी आवृत्ती आणण्यापूर्वी यूनोहोस्ट राखीव प्रत घेते, आणि काम फसल्यास ती परत बसविते. परंतु या प्रतीत आज्ञावली व विदागार असते. लोकांच्या धारिका आकाराने मोठ्या असल्यामुळे तिच्यात घेतल्या जात नाहीत. बोलींची ध्वनिमुद्रणे मी अशाच एका यंत्रावर ठेवतो, आणि त्यांतील काही निवेदक आज हयात नाहीत. त्यामुळे नवी आवृत्ती आणण्याच्या आदल्या दिवशी ती सर्व वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतो, आणि एखाददुसरे मुद्रण लावून ऐकल्यावाचून डिस्क कपाटात ठेवीत नाही.