पलंग, स्प्रिंग आणि एक आख्यायिका

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी रिफॉर्मरवर पहिल्यांदा आडवी झाले, तेव्हा मला रुग्णालयातली खाट आठवली. तीस वर्षे बँकेत टेबलाशी बसून आणि उरलेला वेळ जुन्या दप्तरांवर वाकून काढल्याने कमरेने आधीच असहकार पुकारला होता. मणक्यातली चकती सरकल्याचे निदान झाले. तीन महिने फिजिओथेरपी घेतली, मग डॉक्टरांच्या परवानगीने नाशिकमधल्याच एका पिलाटीजच्या वर्गात नाव घातले. संशोधनासाठी मी तिथे गेले नव्हते. पण सवय सुटत नाही.

रिफॉर्मर म्हणजे एका माणसाच्या पलंगाएवढी चौकट. तिच्यात रुळांवर पुढेमागे सरकणारी गादी असते आणि तिला खालून स्प्रिंगा लावलेल्या असतात. पायाशी आडवा दांडा, खांदे अडवायला दोन ठोकळे, डोक्यामागून कप्प्यांवरून आलेले दोन पट्टे. पाठीवर निजायचे, पाय दांड्यावर टेकवून ढकलायचे, गादी सरकते, मग परत यायचे. पहिल्या दिवशी मी जोर लावून ढकलले आणि पाय सैल सोडले. गादी धाडकन येऊन आदळली. "काकू, ढकलणं सगळ्यांना जमतं," शिकवणारी मुलगी म्हणाली. "परत येताना स्प्रिंगला ओढू देऊ नका. तुम्ही या." पुढच्या एका प्रकाराला तिने स्प्रिंगा कमी केल्या, तेव्हा आता आराम आहे असे मला वाटले. उलटेच झाले. आधार कमी झाल्याने गादी थरथरू लागली आणि ती स्थिर ठेवण्याचे सारे काम पोटाच्या स्नायूंवर आले. साधे दिसणारे हे यंत्र माणसाचा आळस बरोबर पकडते.

दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीने यंत्राची कथा सांगितली. पहिल्या महायुद्धात जोसेफ पिलाटीज नावाचा जर्मन माणूस इंग्रजांच्या छावणीत कैद होता. तिथल्या आजाऱ्यांना हालचाल करता यावी म्हणून त्याने रुग्णालयाच्या खाटांना स्प्रिंगा बांधल्या. त्यातून रिफॉर्मर जन्मला. शिवाय १९१८च्या इन्फ्लुएंझात त्याच्याकडे व्यायाम करणाऱ्यांपैकी एकही जण दगावला नाही. कथा सुंदर आहे. इतकी सुंदर कथा ऐकली की माझ्या मनात पाल चुकचुकते. तिचे कारण शेवटी सांगते.

आधी पक्के काय आहे ते पाहू. पिलाटीज यांचा जन्म ९ डिसेंबर १८८३ रोजी जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख येथे झाला. लहानपणी आपण दमा आणि मुडदूस यांनी पिडलेलो होतो, असे ते पुढे सांगत. युद्धापूर्वी ते इंग्लंडला गेले. १९१४मध्ये युद्ध पेटताच तिथले जर्मन रहिवासी रातोरात 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरले. पिलाटीज आधी लँकेस्टरच्या आणि मग आयल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकलोच्या छावणीत ठेवले गेले. या दोन्ही गोष्टींबद्दल वाद नाही.

नॉकलो ही लहानसहान जागा नव्हती. लाकडी बराकी, काटेरी तारा आणि आत वीस हजारांहून अधिक पुरुष. न्हावी, खानसामे, खलाशी, शिंपी, व्यापारी. कित्येकांच्या बायका इंग्रज होत्या आणि त्या मुलांसह बाहेर राहिल्या होत्या. या माणसांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता, म्हणून त्यांना शिक्षेची मुदतही नव्हती. सुटका कधी, हे कोणालाच ठाऊक नाही. क्षणभराचा एकांत नाही. अशा छावण्यांतल्या माणसांची चिडचिड, विस्मरण आणि खिन्नता यांना स्विस डॉक्टर फिशर यांनी 'काटेरी तारेचा आजार' असे नाव दिले आणि त्यावर पुस्तक लिहिले. त्यावर उतारा म्हणून छावणीत नाटके झाली, वृत्तपत्रे निघाली, कारखाने चालले, व्यायाममंडळे उभी राहिली. जेम्स बेली या क्वेकर पंथीय गृहस्थाने कैद्यांना हस्तव्यवसाय मिळवून देण्याचे मोठे काम केले. अशा ठिकाणी एक व्यायामवेडा माणूस इतरांच्या शरीराकडे लक्ष देऊ लागला असेल, तर त्यात नवल काहीच नाही.

ही बातमी वाचताना आपल्याला फार दूर जायला नको. त्याच वर्षांत, त्याच कारणासाठी, हिंदुस्थानातले जर्मन व्यापारी, मिशनरी आणि खलाशी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या छावणीत डांबले गेले होते. नाशिकहून एसटीने काही तासांत पोहोचता येईल अशा गावात नॉकलोचे भावंड होते. स्थानिक इतिहासावर इतकी वर्षे लिहूनही माझे लक्ष तिकडे गेले ते या यंत्रामुळे.

आता स्प्रिंगांकडे येऊ. खाटांना स्प्रिंगा बांधल्याची कथा पसरली ती पिलाटीज यांच्या उत्तरायुष्यातल्या सांगण्यातून आणि शिष्यांच्या आठवणींतून. म्हणजे तिची साक्ष घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी दिलेली आहे, आणि ती देणाऱ्यांचे त्या पद्धतीवर प्रेम आहे. इन्फ्लुएंझाची गोष्ट तर आणखी जपून घ्यायला हवी. नॉकलोतही माणसे मेली. त्यांच्या कबरी शेजारच्या पॅट्रिक गावच्या चर्चच्या आवारात होत्या आणि १९६०च्या दशकात त्यांतल्या बऱ्याच इंग्लंडमधील कॅनॉक चेसच्या जर्मन दफनभूमीत हलवल्या गेल्या. ज्या साथीने एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, तिला दंडबैठकांनी थोपवले असे म्हणायला फार भक्कम पुरावा लागेल.

कागदाचा भक्कम आधार मिळतो तो पुढे. १९२६मध्ये पिलाटीज न्यूयॉर्कला गेले आणि १९२७ साली रुळांवर सरकणाऱ्या गादीच्या त्यांच्या साधनाला अमेरिकेत पेटंट मिळाले. पेटंटच्या कागदाला कथा सांगायची नसते, यंत्र कसे चालते तेवढेच तो सांगतो. पुढे त्यांनी आणि क्लारा यांनी एट्थ अॅव्हेन्यूवर व्यायामशाळा चालवली. जायबंदी झालेले नर्तक तिथे येत. आपल्या पद्धतीला ते 'कंट्रोलॉजी' म्हणत, म्हणजे ताबा ठेवण्याचे शास्त्र. १९४५च्या पुस्तकात त्यांनी ३४ व्यायाम दिले, तेही बिनयंत्राचे, नुसत्या सतरंजीवर करायचे. १९६७मध्ये ते गेले. त्यांच्या नावावर मालकी कोणाची हा खटला न्यूयॉर्कच्या न्यायालयात चालला आणि ऑक्टोबर २०००मध्ये निकाल लागला की 'पिलाटीज' हे व्यायामप्रकाराचे सर्वसामान्य नाव आहे, ते कोणीही वापरावे. नाव मोकळे झाले, तशी कथाही मोकळी झाली.

मग कथा फेकून द्यायची का? मला तसे वाटत नाही. १९३४च्या 'युअर हेल्थ' या पुस्तिकेत पिलाटीज यांनी पलंग आणि खुर्च्या यांच्या रचनेवर मुद्दाम लिहिले आहे. 'कॅडिलॅक' या त्यांच्या दुसऱ्या यंत्रावर तर पलंगाभोवती छत्रीसारखी चौकट असते आणि तिला स्प्रिंगा लोंबतात. निजलेल्या माणसाला कसे हलवावे, हा विचार त्यांच्या डोक्यातून गेलाच नाही, हे त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूंवरूनच दिसते. नॉकलोतल्या अमुक खाटेला अमुक दिवशी स्प्रिंग लावली, असे मी लिहिणार नाही. पण हे यंत्र खाटेच्या वंशातले आहे, एवढे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आपल्याकडे मल्लखांबाचे असेच झाले आहे. निजामाकडच्या पहिलवानांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी बाळंभटदादा देवधर वणीच्या सप्तशृंगीला गेले आणि तिथे मारुतीरायाने स्वप्नात येऊन त्यांना ही विद्या दिली, असे तालमीतालमीतून सांगतात. पण मल्लांनी खांबावर करायच्या कसरतीचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात आहे. म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या देवधरांनी विद्या नव्याने उभी केली, शोधली नाही. यामुळे देवधर लहान होत नाहीत. आख्यायिका जन्माची तारीख चुकीची सांगते. त्या विद्येवर माणसांचा जीव किती होता, ते मात्र बरोबर सांगते.

आता माझी पाल. बावीस वर्षांपूर्वी एका तालमीच्या स्मरणिकेत मी लिहिले होते की, तिथला मल्लखांब सत्तावनच्या बंडातल्या एका फरारी शिपायाने रोवला. वस्तादांनी सांगितले, मी लिहिले. कोणत्याही विद्यापीठाची मोहोर नसलेल्या माझ्यासारखीला पहिल्यांदाच कोणी अभ्यासक म्हणत होते, आणि कथा सुंदर होती. नंतर नगरपालिकेच्या जुन्या कागदांत दिसले की, ती जागाच तालमीला १९११ साली मिळाली. तोवर माझे वाक्य दोन पुस्तकांत गेले होते आणि तालमीच्या दारावर रंगवलेही गेले होते. मी गप्प राहिले. ढकलणे जमले होते, परत येणे जमले नव्हते.

या लेखाचे टिपण काढताना मी दुरुस्तीचे पत्र लिहिले आणि तालमीत नेऊन दिले. वस्ताद आता नाहीत, त्यांचा मुलगा आहे. त्याने पत्र दोनदा वाचले. "मग दारावरचं काय करायचं, ताई?" त्याने विचारले. मी म्हटले, "शिपायाचं नाव राहू दे. वर फक्त 'असे सांगतात' एवढं लिहा." तो हसला नाही, रागावलाही नाही. रंगाचा खर्च किती येईल, एवढे त्याने विचारले. तो मी दिला.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी अजून वर्गाला जाते. गादी आता आदळत नाही. नवीन बाई आली की ती मुलगी खाटांची गोष्ट सांगते, मी ऐकते. गेल्या आठवड्यात सुरुवात करताना ती माझ्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, "असं सांगतात."