बुडालेला रोज आणि रग्बीचा सोवळेपणा

रग्बी युनियनचा व्यावसायिक खेळाडू २६ ऑगस्ट १९९५ला पॅरिसमध्ये जन्मला, असे सरसकट लिहिले जाते. आंतरराष्ट्रीय मंडळाने त्या दिवशी हौशीपणाची अट काढून टाकली, एवढे खरे. पण पैसा या खेळात त्याआधी शंभर वर्षे फिरत होता. तो कोणी आणि कसा घ्यायचा, हे मात्र वर्ग पाहून ठरत होते. १८९३ साली यॉर्कशायरच्या क्लबांनी लंडनच्या सभेत पगार मागितलाच नव्हता. गिरण्या-खाणींत शनिवारीही अर्धा दिवस काम असे. लांबच्या सामन्याला जायचे तर खाडा पडे, मजुरी कापली जाई. त्या बुडालेल्या रोजाची भरपाई मिळावी, इतकीच मागणी होती. ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली. वकील-दलालांच्या मुलांचा शनिवारी रोज बुडत नसे, त्यामुळे त्यांना हौशीपणाचे तत्त्व परवडत होते. २९ ऑगस्ट १८९५ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे वीसएक क्लब फुटून निघाले आणि भरपाईची कमाल मर्यादा ठरली दिवसाला सहा शिलिंग. पुढे ‘रग्बी लीग’ झाली ती यातूनच.

यावर वेल्सचे उदाहरण पुढे केले जाते : तिथले खाणकामगार युनियनच खेळले, मग वर्गाचा मुद्दा कुठे राहिला? उत्तर वेल्सच्याच इतिहासात आहे. कर्णधार आर्थर गुल्डसाठी लोकवर्गणी जमली आणि १८९७ साली न्यूपोर्टमधल्या एका घराची कागदपत्रे त्याच्या हाती ठेवली गेली. इतर देशांनी आकांडतांडव केले, वेल्स मंडळातून बाहेर पडला, आणि शेवटी इंग्रजांनी डोळेझाक केली, कारण आणखी एक फूट त्यांना परवडणारी नव्हती. पुढे बुटांच्या कंपन्या खेळाडूंना गुपचूप पैसे चारत राहिल्या. मात्र जो उघडपणे लीगकडे गेला, त्याला युनियनचे दार कायमचे बंद. वेल्सचा जोनाथन डेव्हिस १९८९ साली विडनेसला गेला, तेव्हा त्याला हे ठाऊक होते. १९९५ साली आंतरराष्ट्रीय मंडळाने नेमलेल्या व्हर्नन प्यू यांच्या समितीने हौशीपणाचे नियम सर्रास मोडले जात असल्याचे लिहून दिले. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दक्षिण गोलार्धातल्या संघटनांनी रूपर्ट मर्डॉकच्या माध्यम कंपनीशी ५५ कोटी डॉलरचा प्रक्षेपण करार जाहीर केला. ऑगस्टमध्ये उरले होते ते सही-शिक्क्याचे काम.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : व्यावसायिकतेने खेळाडूंचे आणि क्लबांचे नुकसानच केले. जे. पी. आर. विल्यम्स वेल्सकडून खेळत असतानाच डॉक्टर झाले. आजचा खेळाडू शाळा सुटताच अकादमीत जातो आणि तिशीत मोडक्या शरीराने बाहेर पडतो. २००३चा विश्वविजेता स्टीव्ह थॉम्प्सन याला तो विजय आठवत नाही. वूस्टर आणि वॉस्प्स हे क्लब २०२२ साली दिवाळखोरीत गेले. हे नुकसान खरेच आहे. पण ते मजुरी दिल्यामुळे झाले नाही. वाढता मारा आणि उत्पन्नाबाहेरचे पगार यांना वेळीच आवर न घातल्यामुळे झाले. आणि जुन्या नियमाने तरी कोणाला वाचवले? इंग्लंडचा कर्णधार बिल बोमंट १९८२ साली जायबंदी होऊन निवृत्त झाला, आणि आत्मचरित्राचे मानधन स्वतःकडे ठेवल्याबद्दल त्याला हौशी खेळातून बाद ठरवण्यात आले. २०१६ साली जागतिक रग्बी संघटनेने त्यालाच अध्यक्ष निवडले.